डिक्शनरीत किल्ली सापडली नाही तर? ऐच्छिक मूल्ये आणि त्रुटी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिक्शनरी म्हणजे किल्ली आणि तिच्यापुढचे मूल्य अशा जोड्या साठवणारी रचना. तिच्यातून एखादे मूल्य काढताना कीएरर (पायथनची 'किल्ली नाही' ही त्रुटी), नन किंवा निल (अनुक्रमे पायथन आणि स्विफ्टमधील 'काही नाही') किंवा ऑप्शनल (मूल्य असेल किंवा नसेल असे वेष्टन) यांपैकी कशानेतरी ज्यांना अडवले आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरे लिहिली आहेत. मुख्य आधार पायथन आणि स्विफ्ट या दोन भाषांचा आहे. इतर भाषांचा उल्लेख जिथे फरक कळायला मदत होते तिथेच केला आहे. 'की' हा शब्द मराठीतल्या 'की' या अव्ययात मिसळून जातो आणि वाक्य दोनदा वाचावे लागते, म्हणून येथे सर्वत्र 'किल्ली' असे म्हटले आहे. कोडमधील नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोड लिहिताना भाषेचे शब्द आणि फंक्शनची नावे अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.

सर्व उत्तरांत एकच उदाहरण घेतले आहे. सातारा जिल्ह्यातील तालुक्यांचा एका दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये साठवणारी 'पाऊस' नावाची डिक्शनरी आहे असे समजा. तीत 'महाबळेश्वर' या किल्लीपुढे १४२, 'माण' पुढे ० आणि 'खटाव' पुढे नन आहे, कारण खटावचे पर्जन्यमापक त्या दिवशी वाचलेच गेले नाही. 'फलटण' ही किल्ली डिक्शनरीत मुळीच नाही. आकडे उदाहरणापुरते आहेत.

नसलेली किल्ली मागितली तर नेमके काय होते?

हे भाषेवर अवलंबून आहे, आणि एका भाषेची सवय दुसरीत घेऊन जाणारा माणूस नेमका येथेच फसतो. पायथनमध्ये चौकटी कंसात 'फलटण' लिहून मूल्य मागितले तर कीएरर उद्भवतो आणि तो कुणी पकडला नाही तर प्रोग्रॅम तेथेच थांबतो. स्विफ्टमध्ये हेच केल्यास प्रोग्रॅम थांबत नाही. उत्तर ऑप्शनल या वेष्टनात येते आणि ते वेष्टन रिकामे, म्हणजे निल, असते. जावामध्ये 'गेट' नल परत करतो, जावास्क्रिप्टमध्ये अनडिफाइन्ड मिळते, आणि रस्टमध्ये चौकटी कंस वापरले तर प्रोग्रॅम पॅनिक होतो, म्हणजे त्रुटी देऊन थांबतो, पण 'गेट' वापरले तर ऑप्शन मिळतो.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ती गो आणि सी प्लस प्लस या भाषांत. गो भाषेत किल्ली नसेल तर त्या प्रकाराचे शून्यमूल्य गुपचूप हाती येते, म्हणजे आपल्या उदाहरणात फलटणला ० मिलिमीटर पाऊस झाला असे उत्तर मिळते आणि ते माणच्या खऱ्या शून्यासारखेच दिसते. म्हणूनच गोमध्ये एकाच ओळीत मूल्य आणि 'ओके' असे दोन व्हेरिएबल घेण्याची पद्धत आहे. दुसरा व्हेरिएबल किल्ली होती की नाही एवढेच सांगतो. सी प्लस प्लसच्या मॅपमध्ये चौकटी कंसाने नुसते वाचले तरी ती किल्ली नव्याने तयार होऊन आत बसते. तेथे वाचण्यासाठी 'अॅट' वापरावे, जे किल्ली नसल्यास आउट ऑफ रेंज हे एक्सेप्शन (पकडता येणारी त्रुटी) देते, किंवा सी प्लस प्लस २० पासून उपलब्ध असलेले 'कंटेन्स' वापरून आधी विचारून घ्यावे.

किल्ली नसणे, मूल्य नन असणे आणि मूल्य शून्य असणे यांत व्यवहारात फरक पडतो का?

पडतो, आणि या विषयातल्या बहुतेक चुकांचे मूळ हा फरक पुसून टाकण्यातच असते. माणपुढचे ० ही एक मोजलेली वस्तुस्थिती आहे: मापक वाचले गेले आणि त्यात पाणी नव्हते. खटावपुढचा नन सांगतो की हे केंद्र आपल्याला ठाऊक आहे, पण आजची नोंद नाही. फलटणची किल्लीच नसणे म्हणजे या यादीला फलटण ठाऊकच नाही. कदाचित फाइल अर्धवट उतरली असेल, कदाचित नावाचे लेखन वेगळे असेल.

आता सरासरी काढून पाहा. मोजलेल्या दोन केंद्रांची सरासरी १४२ भागिले २, म्हणजे ७१ मिलिमीटर येते. खटावच्या ननच्या जागी शून्य धरले तर तीच सरासरी सुमारे ४७.३ होते, आणि फलटणलाही शून्य धरले तर ३५.५ वर येते. तिन्ही वेळा प्रोग्रॅम सुरळीत चालतो, कुठेही लाल अक्षरे दिसत नाहीत, आणि उत्तर मात्र निम्मे होते. कीएररने थांबलेला प्रोग्रॅम त्रासदायक असतो हे खरे, पण तो खोटे बोलत नाही.

वेब सेवांमध्ये तर हा फरक करारातच लिहिलेला असतो. जेसन हा माहितीच्या देवाणघेवाणीचा मजकूर-साचा आहे; त्यातील बदल कळवण्याच्या जेसन मर्ज पॅच या पद्धतीत, जी २०१४ मध्ये आरएफसी ७३९६ या इंटरनेट-दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाली, एखाद्या किल्लीपुढे नल पाठवणे म्हणजे 'ही नोंद काढून टाका' आणि किल्ली मुळीच न पाठवणे म्हणजे 'या नोंदीला हात लावू नका'. ज्या कोडने दोन्हींना एकच मानले, तो वापरकर्त्याने न सांगितलेली माहिती पुसून टाकू शकतो.

पायथनमध्ये 'गेट' वापरला की प्रश्न मिटतो ना?

किल्ली नसेल तर 'गेट' कीएररऐवजी नन देतो, म्हणून प्रोग्रॅम थांबण्याचा प्रश्न मिटतो, इतकेच. पाऊस.गेट('खटाव') आणि पाऊस.गेट('फलटण') या दोन्हींचे उत्तर नन येते, त्यामुळे वर सांगितलेल्या तीन अर्थांपैकी दोन एकमेकांत मिसळतात. ज्या डिक्शनरीत नन कधीच मूल्य म्हणून साठवले जात नाही अशी खात्री आहे, तेथे 'गेट' निर्धास्तपणे वापरावा. पुढच्या ओळीत 'इज नन' असे तपासले की काम झाले.

ननही साठवला जात असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे आधी 'इन' या शब्दाने किल्ली आहे का हे विचारणे. दुसरा म्हणजे स्वतःची खूण तयार करणे: प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'नोंद_नाही' या नावाने एक रिकामे ऑब्जेक्ट बनवावे, तेच 'गेट'ला दुसरा आर्ग्युमेंट, म्हणजे किल्ली नसल्यास परत करायचे मूल्य, म्हणून द्यावे आणि आलेले उत्तर 'इज' वापरून त्या खुणेशी ताडून पाहावे. हे ऑब्जेक्ट दुसऱ्या कशाशीही एकरूप असू शकत नाही, त्यामुळे खरे मूल्य आणि खूण यांची गल्लत होण्याची शक्यता उरत नाही.

एक गोष्ट सहज निसटते. 'गेट'ला दिलेला दुसरा आर्ग्युमेंट किल्ली सापडली तरी आधीच काढला जातो. तेथे डेटाबेसला विचारणारे फंक्शन लिहिले असेल तर प्रत्येक वेळी, गरज नसतानाही, डेटाबेसला विचारले जाईल. स्विफ्टमधील दुहेरी प्रश्नचिन्हाचे चिन्ह, जे डावीकडे निल असल्यास उजवीकडचे पर्यायी मूल्य देते, मात्र उजवीकडचा भाग गरज पडली तरच काढते.

'गेट' नंतर 'ऑर' लिहून पर्यायी मूल्य देणे चूक आहे का?

संख्यांच्या बाबतीत ती बहुधा चूकच ठरते. पाऊस.गेट('माण') ऑर जुनी_सरासरी असे लिहिले तर माणचे खरे शून्य टाकून दिले जाते आणि जुनी सरासरी उचलली जाते, कारण पायथनमध्ये ०, रिकामी स्ट्रिंग, रिकामी यादी, फॉल्स आणि नन हे सर्व 'ऑर'च्या दृष्टीने सारखेच खोटे असतात. दुष्काळी तालुक्याचा कोरडा दिवस कागदावर पावसाचा होतो. जावास्क्रिप्टमध्येही दोन उभ्या रेघांच्या चिन्हाने हाच घोळ होत असे. म्हणून २०२० च्या एक्मास्क्रिप्ट मानकात दुहेरी प्रश्नचिन्हाचे चिन्ह आले, जे केवळ नल आणि अनडिफाइन्ड यांनाच रिकामे मानते. पायथनमध्ये असे चिन्ह नाही. तेथे 'इज नन' असे पूर्ण लिहावे; चार अक्षरे जास्त टंकावी लागतात, पण वाचणाऱ्याला हेतू स्पष्ट दिसतो.

आधी 'इन'ने तपासावे, की थेट मूल्य मागून कीएरर पकडावा?

पायथनच्या अधिकृत शब्दसूचीत या दोन्ही पद्धतींना नावे आहेत आणि तेथे थेट मागून एक्सेप्शन पकडण्याची रीत पायथनची नेहमीची शैली म्हणून नोंदवली आहे. तरीही याला नियम मानू नये. निवड करताना मी एकच प्रश्न विचारतो: किल्ली नसणे ही रोजची गोष्ट आहे की अपवादाची? दर तिसऱ्या तालुक्याची नोंद नसणे साहजिक असेल, तर तो अपवाद नव्हे, आणि तेथे 'इन' किंवा 'गेट' वाचायला सरळ वाटते. फलटण यादीत असलेच पाहिजे आणि नसेल तर काहीतरी बिघडले आहे अशी परिस्थिती असेल, तर चौकटी कंस वापरावेत आणि कीएरर येऊ द्यावा.

वेगाचा मुद्दा अनेकदा पुढे केला जातो. 'इन'ने तपासून मग मूल्य घेतले तर किल्ली दोनदा शोधली जाते हे खरे आहे, पण डिक्शनरीत शोध सरासरीने स्थिर वेळात होतो, त्यामुळे नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये हा खर्च जाणवत नाही. दुसऱ्या बाजूला, पायथन ३.११ पासून एक्सेप्शन उद्भवलेच नाही तर 'ट्राय' ब्लॉकचा, म्हणजे त्रुटी पकडण्यासाठी गुंडाळलेल्या कोडचा, खर्च जवळपास शून्य झाला आहे. उद्भवले तर मात्र खर्च होतोच. म्हणजे येथेही निर्णय पुन्हा 'किल्ली किती वेळा नसते' यावरच येतो.

वेगापेक्षा गंभीर मुद्दा वेगळा आहे. एकाच डिक्शनरीवर अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) काम करत असतील तर तपासणे आणि घेणे या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणी दुसरा थ्रेड ती किल्ली काढून टाकू शकतो. तपासणी यशस्वी झाली तरी पुढच्याच ओळीत कीएरर येतो, आणि असा दोष चाचणीत क्वचितच सापडतो. अशा ठिकाणी एकाच पायरीत काम करणारे 'गेट', पर्यायी मूल्यासह 'पॉप' (जो किल्ली काढून तिचे मूल्य देतो), किंवा 'ट्राय' वापरावे.

'ट्राय' ब्लॉकमध्ये किती कोड ठेवावा?

जेवढा कीएरर अपेक्षित आहे तेवढाच. बहुतेक वेळा एकच ओळ. मूल्य काढणे, त्याचे एकक बदलणे आणि अहवालात लिहिणे या तिन्ही गोष्टी एकाच 'ट्राय'मध्ये टाकल्या, आणि एकक बदलणाऱ्या फंक्शनच्या आत एखाद्या वेगळ्याच डिक्शनरीने कीएरर दिला, तर आपला 'एक्सेप्ट' तोही गिळतो आणि 'तालुका सापडला नाही' असा चुकीचा संदेश देतो. खरा दोष तीन फाइली पलीकडे असतो आणि आपण तालुक्यांची यादी तपासत बसतो. मूल्य मिळाल्यानंतरचे काम 'एल्स' भागात ठेवावे. पायथनने तो भाग यासाठीच दिला आहे.

'एक्सेप्ट'पुढे काहीच न लिहिता सर्व काही पकडणे तर टाळावेच, कारण त्यात वापरकर्त्याने कंट्रोल सी दाबून प्रोग्रॅम थांबवण्याचा केलेला प्रयत्नही अडकतो. यादी आणि डिक्शनरी दोन्हींसाठी एकच 'एक्सेप्ट' हवा असेल तर लुकअपएरर पकडावा. कीएरर आणि इंडेक्सएरर ही त्याचीच दोन रूपे आहेत.

डीफॉल्टडिक्ट वापरल्यास तपासण्याची गरजच राहत नाही, मग तो सगळीकडे का वापरू नये?

डीफॉल्टडिक्ट ही पायथनची अशी डिक्शनरी आहे, जी नसलेल्या किल्लीसाठी ठरलेले मूल्य आपोआप तयार करते. मोजणी आणि गट पाडणे यांसाठी तो उत्तम आहे. महिन्याभराच्या नोंदी तालुक्यानुसार याद्यांमध्ये भरायच्या असतील तर प्रत्येक वेळी 'यादी आहे का, नसेल तर तयार कर' असे लिहिण्याचा कंटाळा तो वाचवतो. पण त्याची एक सवय ठाऊक असली पाहिजे: चौकटी कंसाने नुसते वाचले तरी तो नवी किल्ली तयार करतो. 'फलटण'ऐवजी चुकून 'फलटन' असे एकदा विचारले, तर त्या नावाचा नवा तालुका आपल्या माहितीत कायमचा बसतो आणि पुढच्या अहवालात अकराऐवजी बारा तालुके दिसतात. डिक्शनरीवरून फिरत असतानाच अशी किल्ली तयार झाली तर डिक्शनरीचा आकार बदलल्याबद्दल रनटाइमएरर येतो आणि वाचणाऱ्याला कळत नाही की आपण बदल केला कुठे.

'इन' आणि 'गेट' मात्र डीफॉल्टडिक्टमध्येही काही तयार करत नाहीत. माझी पद्धत अशी आहे की भरण्याच्या टप्प्यात डीफॉल्टडिक्ट वापरावा आणि भरणे संपले की साध्या डिक्शनरीत रूपांतर करून पुढे द्यावा, म्हणजे वाचण्याच्या टप्प्यात चुकीचे नाव लगेच पकडले जाते. 'सेटडीफॉल्ट' ही पद्धत, जी किल्ली नसल्यास दिलेले मूल्य साठवून तेच परत करते, एखाद्या ठिकाणापुरती पुरेशी असते. तिच्यातही पर्यायी मूल्य आधीच तयार होते, हे 'गेट'प्रमाणेच लक्षात ठेवावे.

एकात एक डिक्शनरी असतील तर 'गेट'ची साखळी चालते का?

पहिल्या 'गेट'ला रिकामी डिक्शनरी पर्याय म्हणून देऊन त्यावर दुसरा 'गेट' लावण्याची रीत रूढ आहे आणि बाहेरची किल्ली नसेल तर ती चालते. पण बाहेरची किल्ली असून तिचे मूल्य नन असेल तर पर्याय वापरला जात नाही, ननच हाती येतो आणि दुसऱ्या 'गेट'वर अॅट्रिब्यूटएरर येतो. बाहेरून आलेल्या जेसनमध्ये हे वारंवार घडते. साखळी दोन पायऱ्यांपेक्षा लांब होऊ लागली तर माहिती आत येतानाच एकदा नीट तपासून डेटाक्लासमध्ये (ठरलेल्या नावांच्या रकान्यांच्या रचनेत) भरावी, म्हणजे पुढच्या सगळ्या कोडला शंका घेत बसावे लागत नाही. स्विफ्टमध्ये प्रश्नचिन्हाने जोडलेली साखळी मध्येच निल आला तर शांतपणे निल देऊन थांबते. मात्र कोणत्या पायरीवर थांबली हे ती सांगत नाही.

स्विफ्टमध्ये डिक्शनरीचे उत्तर ऑप्शनल का असते आणि ते कसे उघडावे?

टोनी होर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी नल संदर्भ आणला आणि २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. अडचण 'काही नाही' या कल्पनेत नव्हती. कोणत्याही संदर्भात ते लपलेले असू शकते आणि कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्रासाठी रूपांतरित करणारा प्रोग्रॅम, त्याबद्दल काही विचारत नाही, यात होती. २०१४ मध्ये आलेल्या स्विफ्टने 'असेल किंवा नसेल' ही गोष्ट प्रकारातच लिहायला लावली. इंट (पूर्णांक) आणि इंट प्रश्नचिन्ह (पूर्णांक किंवा निल) हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि दुसऱ्यावर बेरीज करायची तर आधी तो उघडावाच लागतो.

उघडण्याच्या तीन सभ्य रीती आहेत. मूल्य असेल तरच काही करायचे असेल तर 'इफ लेट'. मूल्य नसेल तर पुढे जाण्यातच अर्थ नसेल तर फंक्शनच्या सुरुवातीला 'गार्ड लेट'. आणि खरोखर योग्य असे पर्यायी मूल्य असेल तर दुहेरी प्रश्नचिन्ह. मोजणीसाठी चौकटी कंसातच किल्लीपुढे 'डीफॉल्ट' देण्याची सोय स्विफ्ट ४ पासून आहे. उद्गारचिन्ह लावून जबरदस्तीने उघडण्याची चौथी रीतही आहे, आणि मूल्य निल असेल तर ती अॅप तेथेच बंद पाडते. कोडमध्येच लिहिलेल्या, बदलू न शकणाऱ्या डिक्शनरीसाठी ती मान्य होईल. सर्व्हरवरून किंवा वापरकर्त्याकडून आलेल्या माहितीसाठी ती कधीही वापरू नये.

मूल्यच ऑप्शनल असेल तर दुहेरी ऑप्शनल मिळतो; त्याचे काय करावे?

खटावची 'नोंद नाही' ही अवस्था जपण्यासाठी डिक्शनरीचे मूल्य इंट प्रश्नचिन्ह या प्रकाराचे ठेवले, तर किल्लीने मागितलेले उत्तर दोन वेष्टनांत येते. बाहेरचे वेष्टन किल्ली आहे का हे सांगते, आतले नोंद आहे का हे सांगते. 'इफ लेट'ने एकच वेष्टन उघडते, त्यामुळे खटावसाठीही अट खरी ठरते आणि हातात पुन्हा ऑप्शनलच राहतो. लिहितानाही एक खाच आहे: चौकटी कंसात खटाव लिहून त्याला निल दिला तर निल साठवला जात नाही, किल्लीच काढून टाकली जाते. निल साठवायचा असेल तर 'अपडेटव्हॅल्यू' ही पद्धत वापरावी लागते.

हे सर्व योग्यच आहे, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. त्यामुळे माझा आग्रह असा आहे की अशा ठिकाणी स्वतःचा एनम (ठरावीक अवस्थांचा प्रकार) करावा, ज्यात 'मोजला' या अवस्थेबरोबर आकडा येतो आणि 'वाचला नाही' ही दुसरी अवस्था असते. मग ऑप्शनल एकाच गोष्टीसाठी उरतो, ती म्हणजे तालुका यादीत आहे की नाही. जेसन वाचतानाही सावध राहावे: स्विफ्टचा 'डीकोडइफप्रेझेंट' किल्ली नसली तरी निल देतो आणि किल्लीपुढे नल असला तरी निलच देतो. फरक हवा असेल तर कंटेनरला 'कंटेन्स'ने आधी विचारावे.

माझ्या फंक्शनने ऑप्शनल परत करावा की त्रुटी द्यावी?

न सापडण्याचे एकच कारण असेल आणि बोलावणाऱ्याला ते कारण आपोआप कळत असेल, तर ऑप्शनल पुरेसा आहे. 'या तालुक्याचा आजचा पाऊस द्या' याचे उत्तर 'नाही' असू शकते. पण फाइल मिळाली नाही, तालुक्याचे नाव अनोळखी आहे, आकड्याच्या जागी अक्षरे आहेत अशी तीन कारणे असतील, तर निल परत करणे म्हणजे ती तिन्ही एका रिकाम्या पाकिटात घालून देणे होय. तेथे कारणासह त्रुटी द्यावी. स्विफ्टमध्ये 'ट्राय' शब्दापुढे प्रश्नचिन्ह लावले की त्रुटीचे निल होते. सोय चांगली आहे, पण त्या क्षणी कारण कायमचे हरवते, म्हणून ती शेवटच्या टोकाला, जिथे कारण कुणालाच नको आहे, तिथेच वापरावी. रस्टमध्ये उलट दिशेची सोय अधिक वापरली जाते: 'ओके_ऑर' लावून रिकाम्या ऑप्शनला कारण जोडले जाते आणि मग प्रश्नचिन्हाने ते वर पाठवले जाते.

पायथनच्या टाइप हिंटमधील 'ऑप्शनल' म्हणजे किल्ली ऐच्छिक आहे असे का?

नाही, आणि टाइप हिंटमधील, म्हणजे मूल्याचा प्रकार सांगणाऱ्या टीपेमधील, हे नाव दिशाभूल करणारे आहे. तेथे ऑप्शनल म्हणजे मूल्य नन असू शकते, एवढाच अर्थ. किल्ली असणे तरीही बंधनकारक असते. टाइप्डडिक्टमध्ये (जिच्या किल्ल्या आणि मूल्यांचे प्रकार आधी ठरवून दिले आहेत अशा डिक्शनरीत) किल्लीच नसली तरी चालेल असे सांगायचे असेल तर पायथन ३.११ पासून मिळणारे 'नॉटरिक्वायर्ड' वापरावे. दोन्ही एकत्रही लावता येतात. टाइपस्क्रिप्टमध्ये डिक्शनरीतून आलेले मूल्य अनडिफाइन्ड असू शकते हे कंपायलरने मानावे म्हणून 'नोअनचेक्डइंडेक्स्डअॅक्सेस' हा पर्याय स्वतः चालू करावा लागतो. नव्या प्रकल्पात तो पहिल्याच दिवशी चालू करावा.

किल्ली डोळ्यांना दिसते आहे, तरीही कीएरर येतो. असे का होते?

देवनागरी किल्ल्या वापरणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. 'कऱ्हाड' हे नाव घ्या. त्यातील अर्धा र हा ऱ आणि हलन्त असा टंकता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि मागोमाग न दिसणारे झीरो विड्थ जॉइनर हे चिन्ह असाही टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथन स्ट्रिंगची तुलना कोडपॉइंटनुसार, म्हणजे प्रत्येक चिन्हाच्या युनिकोडमधील क्रमांकानुसार, करतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी गावे आहेत. ऱ हे अक्षर स्वतंत्र कोडपॉइंट म्हणून किंवा र आणि नुक्ता असेही साठवले जाऊ शकते. या दुसऱ्या फरकावर युनिकोडडेटा मॉड्यूलमधील 'नॉर्मलाइझ' हा एनएफसी या जोडलेल्या प्रमाण रूपासह वापरणे पुरेसे आहे, आणि स्विफ्ट तर अशा समतुल्य स्ट्रिंगना मुळातच समान मानतो. झीरो विड्थ जॉइनरचा फरक मात्र नॉर्मलाइझ केल्याने जात नाही; त्यासाठी बदल स्वतः करून घ्यावा लागतो. 'ॲ' या अक्षराचेही असेच आहे: ते युनिकोड ५.१ मध्ये २००८ साली स्वतंत्र आले, आणि अ पुढे चंद्र लावून केलेले त्याचे दिसायला सारखे रूप त्याच्याशी समतुल्य मानले जात नाही.

अंकांचीही एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. पायथनमध्ये 'इंट' या फंक्शनला देवनागरीतील १२ अशी स्ट्रिंग दिली तर तो बिनतक्रार बारा ही संख्या देतो. पण देवनागरी बाराची स्ट्रिंग आणि इंग्रजी अंकांतील बाराची स्ट्रिंग या किल्ल्या म्हणून वेगळ्याच राहतात. शिवाय जेसनमध्ये किल्ली नेहमी स्ट्रिंगच असते, त्यामुळे संख्या किल्ली म्हणून लिहून फाइलमध्ये साठवली आणि परत वाचली की ती स्ट्रिंग होऊन येते आणि जुना कोड कीएरर देऊ लागतो. किल्ल्या आत येताना एकाच फंक्शनमधून जातील आणि शोधतानाही त्याच फंक्शनमधून जातील अशी व्यवस्था करावी. कडेची रिकामी जागा काढणेही तिथेच करावे.

कीएररचा संदेश वापरकर्त्याला तसाच दाखवला तर चालेल का?

चालणार नाही, कारण त्यात अवतरणचिन्हांतील किल्लीखेरीज काहीच नसते. नुसते 'फलटण' वाचून कुणाला काय कळणार? आपल्या विषयाला साजेसे एक्सेप्शन तयार करून त्यात कोणती फाइल, कोणती किल्ली आणि शक्य असल्यास त्याच्या जवळची नावे द्यावीत. डिफलिब मॉड्यूलमधील 'गेट_क्लोज_मॅचेस' अशी नावे शोधून देतो, आणि 'फलटन' लिहिणाऱ्याला 'फलटण' सुचवले जाते. 'रेझ' करताना 'फ्रॉम' लावून मूळ कीएरर जोडलेला ठेवावा, म्हणजे लॉग वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात. लॉगमध्ये किल्ली लिहिताना 'अॅस्की' या फंक्शनमधून काढून लिहिली तर न दिसणारी चिन्हेही क्रमांकांच्या रूपात समोर येतात, आणि कऱ्हाडसारखा दोष काही मिनिटांत सापडतो.

चाचण्यांमध्ये काय काय तपासावे?

किल्ली असून मूल्य आहे ही चाचणी सगळेच लिहितात. तिच्याबरोबर मूल्य ० असलेला माण, मूल्य नन असलेला खटाव आणि किल्लीच नसलेला फलटण यांसाठी एकेक चाचणी लिहावी, आणि प्रत्येकीत अपेक्षित उत्तर वेगळे असावे. दोन चाचण्यांचे उत्तर सारखे येत असेल तर ते तसेच हवे आहे का, हे त्या माहितीच्या जाणकाराला विचारून घ्यावे. वाचल्यानंतर डिक्शनरीची लांबी आधीएवढीच आहे हेही एका ओळीत तपासावे, म्हणजे नकळत तयार झालेली किल्ली उघडी पडते. मराठी नावे किल्ली म्हणून वापरत असाल तर 'कऱ्हाड'ची दोन्ही लेखने चाचणीत ठेवावीत, आणि ती कोडपॉइंटच्या क्रमांकांनी लिहावीत, कारण संपादकात ती टंकली तर दुसऱ्या दिवशी कोणते कोणते हे आपल्यालाही ओळखता येत नाही.